खरखरीत आकडे

सकाळी सात वाजता युनचिन बाई स्वतःच्याच बालवाडीत चोरासारखी वावरत होती. खरखरीत कागदाचे आकडे, मण्यांच्या माळा, सगळं मांडणीवरून काढून पोरांच्या दुपारच्या झोपेच्या गोधड्यांमागे कोंबत होती.

"एकसुद्धा आकडा दिसता कामा नये," मोठ्या बाई, म्हणजे संचालिका थान, दारातून म्हणाल्या. हातात नूडल्सचा वाडगा, घास उतरत नव्हता. "तपासणीत दिसला तर परवाना गेला. गेल्या महिन्यात नदीपलीकडच्या दोन बालवाड्यांना कुलूप लागलं."

"पण आपण कुठे घोकून घेतो? पोरं बोटं फिरवतात नुसती."

"सरकारी कागदावर तसं लिहिलंय का? पहिलीच्या आधी अंक-अक्षर शिकवायचं नाही, एवढंच लिहिलंय."

नियम तसा वाईट नव्हता. चार वर्षांच्या पोरांना रडवून बेरजा करून घेणाऱ्यांसाठी होता तो. पण सरकारी झाडू तो, कचरा कुठला आणि रांगोळी कुठली ते कशाला बघेल? मांडणीवर आता लाल-पिवळे प्लास्टिकचे ठोकळे. कालच बाजारातून आणलेले, वास मारत होते.

पोरं आली. मांडणी बघून जरा घुटमळली, मग ठोकळ्यांशी बसली. दहा वाजता तपासणीचे लू साहेब आले. भला माणूस, बूट काढून आत आला. भिंती पाहिल्या, वह्या मागितल्या. वह्या नव्हत्याच.

"छान. असंच खेळू द्या त्यांना," साहेब म्हणाले. थान बाईंनी पहिल्यांदा श्वास सोडला.

तेवढ्यात ख्वेख्वे उठली. साडेपाच वर्षांची, दोन वेण्या, शिस्तीत सगळ्यांची आजी. गोधडीमागून आकड्यांच्या ट्रेचा एक कोपरा बाहेर आलेला तिला दिसला. जिथली वस्तू तिथे, हे युनचिनने तीन वर्षं तिच्या हाडात मुरवलं होतं. पोरीने ट्रे दोन्ही हातांनी उचलला, तोल सांभाळत चालायला जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या पट्टीवरून पाऊल न वाजवता चालत आली आणि खरखरीत आकडे मांडणीवर, त्यांच्या जुन्या जागी ठेवले.

साहेबांची मान वळली. "हे काय?"

काम करणाऱ्या पोराला मधेच थांबवायचं नाही, हा इथला नियम. अकरा वर्षांत युनचिनने एकदाही थांबवलं नव्हतं.

"कुणी सांगितलं हात लावायला?" ती ओरडली. तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "घरून आणलंय हिने, साहेब. आजी शिकवते घरी."

"नाही बाई," ख्वेख्वे समजावल्यासारखं म्हणाली. "हे आपलंय. रोजचं. तुम्हीच तर—"

"खोटं बोलू नकोस."

ख्वेख्वे रडली नाही. हातांकडे बघत राहिली, जणू तेच खोटं बोलले होते. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "पालकांना समज द्या," म्हणाले आणि सही केली.

साहेब गेले तसा थान बाईंनी युनचिनचा खांदा दाबला. "वाचलो ग. चाळीस पोरं वाचली."

"एकोणचाळीस," युनचिन म्हणाली.

"नाटकं करू नकोस. उद्या विसरेल ती."

दुपारी पोरं झोपली तेव्हा युनचिन ख्वेख्वेच्या गादीपाशी बसली. "चुकलं माझं," असं म्हणायचं होतं. पण पोरीने डोळे घट्ट मिटले होते, झोपलेली पोरं मिटत नाहीत इतके.

दुसऱ्या दिवशी ख्वेख्वे आली. चपला जागेवर ठेवल्या आणि बाकावर बसली, गुडघ्यांवर हात. मांडणीकडे गेलीच नाही. बराच वेळ गेला. शेजारच्या लहानग्याचं दूध सांडलं. एरवी फडकं आणायला तीच धावायची.

दूध फरशीवरून तिच्या पायापर्यंत आलं. तिने पाय वर घेतले.

"बाई," ती म्हणाली, "फडक्याला हात लावू का?"