सत्तेचाळीस भरलेला मासा

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. माशांच्या पेशी काचेवर रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं मोजायची, हे तिचं वीस वर्षांचं काम. प्रवाळात राहणाऱ्या चिमुकल्या काळ्या-पांढऱ्या माशांच्या पेशीत गुणसूत्रं अठ्ठेचाळीस भरायची. त्या मंगळवारी एका माशात सत्तेचाळीस भरली. तिनं वीस पेशी पाहिल्या. सत्तेचाळीसच.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना आधी काच बिघडली असं वाटलं. काच ठीक निघाली, तेव्हा संशय मासे आणणाऱ्या पाणबुड्यावर गेला: दुसरीकडचा मासा बादलीत टाकून यानं वेळ मारून नेली असणार. पाणबुड्या म्हणजे मावशीचा सख्खा धाकटा दीर. त्याच्या कानावर हे गेलं आणि त्यानं येणंच सोडलं.

मावशीची झाली पंचाईत. जाऊ बोलेना, आणि मॅडम म्हणायच्या, तो मासा यादीतून काढा. तिनं काढला नाही. रविवारी ती दिराच्या दारात उभी राहिली.

"भावोजी, मला बोटीतून न्या. तुम्ही पकडा, मी बघते."

"म्हणजे तुमचाही विश्वास नाही, वहिनी?"

"माझा आहे. पण तो काचेवर दिसत नाही ना."

तो उठून बोटीची दोरी सोडायला गेला.

बोटीत तिला उलट्यांनी हैराण केलं. तरी दिरानं प्रवाळाच्या एकाच झुडपातून काढलेले चौदा मासे तिनं स्वतः पिशवीत घेतले, गाठ मारली. मोजायला आठ दिवस लागले. नऊ माशांत अठ्ठेचाळीस, चौघांत सत्तेचाळीस, एकात सेहेचाळीस. मॅडमनी स्वतः डोळा लावून पाहिलं. मान वर केली ती दिराचा पत्ता विचारायलाच.

त्याच्या ओट्यावर बसून त्या म्हणाल्या, "माझं चुकलं."

दिरानं सोबत आलेल्या मावशीकडे वळून विचारलं, "सत्तेचाळीसवाला आजारी असतो का?"

"नाही हो. दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेलीत. हरवलेलं काही नाही."

"आणि बाहेरून?"

"सगळे सारखेच."

त्यानं मान हलवली. इतकी वर्षं तो त्यांच्यात पोहत होता आणि त्याला याचा पत्ता नव्हता, हे त्याला लागलेलं दिसलं. गुरुवारी तो बादली घेऊन आला. बादली मात्र मावशीच्याच हातात दिली. मॅडमशी बोलायला त्याला आणखी महिना लागला.