बाईंची मान

माझ्या आईला मी घरी अगं आई म्हणते आणि वर्गात अहो बाई. नियम तिचाच. लहानपणी एकदा वर्गात चुकून आई म्हणाले, तर तिने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. तिच्या बॅलेच्या शाळेत असे नियम ढिगाने आहेत. अंबाडा घट्ट हवा, बट सुटलेली चालत नाही. वर्गात विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, बाई करतील ते बघायचं आणि तस्संच करायचं. हे नृत्य पुस्तकातून येत नाही, एका अंगातून दुसऱ्या अंगात जातं, असं ती येईल त्या पालकाला ऐकवते.

त्या नियमाचं फळ म्हणजे आमच्या शाळेच्या मुलींची मान. जरा उजवीकडे कललेली. गुडघे वाकवताना, पाय लांबवताना, अगदी उडी मारतानासुद्धा. आई तिला शाळेची खूण म्हणायची. बक्षीस समारंभात पाहुणे कौतुक करायचे की व्वा, कशी नजाकत आहे. मीही त्याच खुणेत वाढले, म्हणून मला कधी काही खटकलं नाही.

खटकलं ते मोठ्या अकादमीच्या परीक्षक बाईंना. आम्ही दरवर्षी तिथे मुली पाठवतो आणि त्या दरवर्षी परत येतात. शेवटी मी लाज सोडून फोन केला. त्या म्हणाल्या, "मुली गुणी आहेत हो, पण सगळ्यांच्याच माना वाकड्या कशा? आम्हाला वाटतं पाठीत काहीतरी दोष आहे." मी कपाळाला हात लावला.

आणि यंदा नंबर होता टिटवीचा. आमच्या पियानोवाल्या मास्तरांची नात. नुसते पाय आणि डोळे, म्हणून टिटवी. एवढं चांगलं पोर आमच्याकडे आजवर आलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार, म्हणजे हीच एक संधी. घरी आजोबांशिवाय कुणी नाही, आणि मास्तरांची बोटं आता किती दिवस चालणार ते त्यांनाच ठाऊक. अकादमीत राहण्याजेवण्यासकट सगळी सोय होते. थोडक्यात, पोरीचं आयुष्य त्या मानेवर अडलेलं होतं.

मी कामाला लागले. मान सरळ, टिटवी. मान. अगं मान. आठवडाभर घसा कोरडा पडला. मग युक्ती म्हणून तिच्या डोक्यावर तिचीच नाचायची मऊ चप्पल ठेवली आणि म्हटलं, आता कर. प्रत्येक वेळी चप्पल उजव्या खांद्यावरून खाली. माझा आवाज चढला. त्यावर ती अगदी गरिबासारखी म्हणाली, "ताई, तुम्ही एकदा ठेवून दाखवा ना."

दाखवली. उजव्या खांद्यावरून खाली. समोरच्या आरशात माझी मान बघितली आणि माझाच मला असा राग आला की काही विचारू नका.

घरी आल्याआल्या आईला धरलं. "ही खूण कुठून आणलीस? तुझ्या बाई अशा उभ्या राहायच्या का?"

"नाही."

"मग कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. तसंच आहे ते," म्हणाली आणि कप विसळायला उठली. ती असं तोंडाला कुलूप लावते तेव्हा भिंतीशी बोललेलं बरं. तिचं सगळं असंच. नव्या फरशीच्या वेळी मी पियानो डावीकडे हलवला, तर तिने हमालांना जिन्यावरून परत बोलावून तो उजवीकडे ठेवायला लावला. कारण विचारलं तर, "पियानो उजवीकडेच असतो." रस्त्यानेही मी तिच्या उजव्या हाताला चालायचं. का, तर चालायचं.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मग ऐक. टिटवीची परीक्षा होईपर्यंत वर्गात येऊ नकोस. खुर्चीत बसून तू हातांनी नुसतं दाखवलंस तरी तिची मान जाते. तुझ्या हट्टापायी मी त्या पोरीचं वाटोळं होऊ देणार नाही."

ती कप तसाच हातात धरून उभी राहिली. मला वाईट वाटलं, पण राग जास्त होता.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू करायला गेले तर बाईसाहेब हजर. अंबाडा घट्ट, पायात मऊ चपला. त्या चपला तिने कितीतरी वर्षांत घातल्या नव्हत्या. मी दात ओठ खात म्हटलं, "बाई, आपलं काय ठरलं होतं?" तिने लक्षच दिलं नाही. भिंतीच्या दांडीला न धरता खोलीच्या मधोमध उभी राहिली, मुलींना मागे रांगेत उभं केलं आणि मास्तरांना खूण केली.

मान सरळ. अगदी दोरीने ताणल्यासारखी. मी जन्मात तिला तशी उभी पाहिली नव्हती.

मास्तरांनी सुरुवात केली. सुरुवातीचे सूर संपले, गुडघे वाकवायची वेळ आली आणि गेली. आई तशीच उभी. मग वाकली, उशिरा. हात उघडले, तेही उशिरा. आणि मागची आख्खी रांग, सगळ्यांचे कान धडधाकट, तिच्याबरोबर उशिरा वाकली. बाई करतील तस्संच. मला हसावं की रडावं कळेना.

फक्त टिटवी ठेक्यावर होती. डोळे मिटलेले, मान सरळ. ती एकटीच वर असायची तेव्हा बाकीच्या खाली.

आईने आरशात ते पाहिलं आणि हात वर केला. मास्तर थांबले. तिने टिटवीला जवळ बोलावलं.

"टिटवी, तू कुणाकडे बघत होतीस?"

"कुणाकडेच नाही, बाई. मी ऐकत होते."

"तिथे जाऊन तेच कर," आई म्हणाली. मग सगळ्या मुलींकडे वळली. "माझा डावा कान लहानपणापासून बंद आहे. पियानो ऐकू यावा म्हणून मी मान तशी ठेवत होते. ठेका ऐकू न येणाऱ्या बाईकडे कोण मुली पाठवणार, म्हणून बोलले नाही. आता उजवाही गेल्यात जमा आहे. ती काही खूण नव्हे. सोडून द्या."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते खाली बघत पुटपुटले, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. एकाच घरात राहता."

टिटवीला पुढे अकादमीने घेतलं. पण त्या दिवशी ते कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी वर्ग संपला, मुलींनी नियमाप्रमाणे आधी बाईंना आणि मग मास्तरांना वाकून नमस्कार केला, आणि सगळ्या चुपचाप बाहेर गेल्या. आई मधोमध तशीच उभी होती. माझ्या मनात सगळं एकदमच आलं, पियानो, जिन्यातले हमाल, रस्त्यातला उजवा हात, रात्रीचा तो कप. संतापही आला होता, एवढी वर्षं मला, निदान मला तरी, सांगता आलं नसतं का?

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आई, चुकलं माझं."

ती हललीसुद्धा नाही. मास्तर सुरांची पानं गोळा करत होते, त्यांनी वर पाहिलं. वर्गात आई म्हटल्याबद्दल ती आता मला भिंतीकडे उभं करेल, असं मला क्षणभर खरंच वाटलं. मग लक्षात आलं. मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते.

मी वळसा घालून उजवीकडे आले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा म्हटलं.

"वर्गात आहेस," ती म्हणाली. "बाई म्हण."

आणि माझा हात धरला.