पाहुण्या कोंबड्याला दोरी बांधली नाही

मी एक जुनी खुडूक कोंबडी आहे. रंगाने तांबडी, मानेवर पिसं नाहीत आणि स्वभावाने, खरं सांगायचं तर, भांडकुदळ. मित्रांनो, माझी उघडी मान पाहून हसू नका. आमच्या मलावीच्या उन्हात अशी मान फार सोयीची पडते.

माझा जन्म माझी मालकीण एनेलेसी हिच्या स्वयंपाकघरातला. चुलीमागे एक फुटकं मडकं होतं, त्यात राख आणि गवत. तिथेच मी अंड्यातून बाहेर आले आणि पुढे तिथेच अंड्यांवर बसले. मी खुडूक झाले की दाण्याला उठत नसे. कुणी हात घातला तर रक्त काढत असे. एनेलेसीला त्याचं भारी कौतुक. शेजारणींना ती म्हणायची, "सून मिळावी तर हिच्यासारखी. तोंडाने फटकळ, पण घर सोडून हलायची नाही."

त्या वर्षीची माझी पिल्लं फार गोड होती. कळपात पिल्लं वाढवणं म्हणजे काय, ते आईलाच ठाऊक! काळी कोंबडी येता-जाता त्यांच्या डोक्यात चोच मारायची. वरून घार, खाली मुंगूस. काळीची मी अशी काही पिसं उपटली, की पुन्हा ती आमच्या वाटेला गेली नाही. एनेलेसीची मुलगी तियामिके वारुळाचं ढेकूळ आणून अंगणात फोडायची. वाळवी सैरावैरा पळायची. मी एक चोचीत धरून हाक मारायची आणि सगळी पिल्लं माझ्या पायांत धडपडत यायची. मी स्वतः एकही वाळवी खाल्ली नाही. पिल्लं उडून आढ्यावर बसायला लागेपर्यंत त्यांना सांभाळायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

मग मागिरेटा आली. ती एनेलेसीची धाकटी बहीण, नदीपलीकडे राहणारी. आईच्या मयतीत एका पितळी भांड्यावरून दोघी कडाडून भांडल्या होत्या आणि तेव्हापासून बोलत नव्हत्या. ती अचानक दारात उभी राहिली. काखेत पांढराशुभ्र कोंबडा.

"ताई, भांडं तुलाच राहू दे," ती म्हणाली. "हा तुझ्यासाठी."

एनेलेसीने गुडघे टेकून दोन्ही हातांनी कोंबडा घेतला. डोळे पुसले. आमच्या गावची रीत अशी, की भेटीचं कोंबडं पाहुण्यासमोरच आपल्या कळपात सोडायचं. म्हणजे ते घरचं झालं.

तियामिके हळूच म्हणाली, "आई, याला थोडे दिवस मागे खुंटीला बांधू या. नदीपलीकडे कोंबड्यांना मर लागलीय म्हणतात."

"गप्प बस!" एनेलेसी फिस्कारली. "इतक्या वर्षांनी बहीण दारात आलीय, आणि तिच्या भेटीला चोरासारखं बांधू? कुठल्या तोंडाने तिला जेवायला वाढू मी?"

कोंबडा सोडला. तो थेट आमच्या पाण्याच्या ताटलीशी गेला आणि प्यायला. माझी पिल्लंही तिथेच प्यायली. बहिणी एका थाळीतून मक्याच्या पिठाची न्सिमा खात हसत होत्या.

मागिरेटा गेली आणि काही दिवसांतच तो पांढरा मान टाकून बसला. नंतर काळी गेली. हो, तिच्यासाठीही मला वाईट वाटलं. मग माझं सगळ्यात छोटं पिल्लू शिंकायला लागलं. मानमोडीच होती ती. दुसऱ्या पिल्लाची मान पाठीकडे वळली. त्याला समोर चालायचं होतं आणि ते गोल गोल फिरत राहायचं. मी त्याला पंखाखाली ओढलं, चोचीने मान सरळ करायला गेले. होत नव्हती हो! मी वाळवी धरून हाका मारत राहिले. रोज कमी पिल्लं येत गेली. मला मोजता येत नाही, पण पोटाखालची जागा गार पडली की आईला कळतं.

शेवटचं पिल्लू एनेलेसीने आपल्या कापडात गुंडाळून मांडीवर घेतलं. ते तिथेच गेलं. मी जगले, कारण मागे कधीतरी माझ्या डोळ्यात मानमोडी टाळणाऱ्या औषधाचा थेंब पडला होता. पिल्लांच्या डोळ्यांत कुणी घातलाच नव्हता.

नदीपलीकडून कुणी आलं, की मागिरेटाचा निरोप असायचा, "माझा कोंबडा कसा आहे?"

"मजेत आहे म्हणावं. बांग देऊन झोपू देत नाही मेला," एनेलेसी सांगायची. तियामिके आईकडे बघत राहायची. अंगणात मी एकटीच असायची.

ते ऐकून मागिरेटा खुशीने पुन्हा आली, त्या कोंबड्याला जोडीदारीण घेऊन. या वेळी एनेलेसीने कोंबडी घेतली आणि मुकाट्याने तिच्या पायाला दोरी बांधली. मागिरेटाचं तोंड उतरलं.

"ताई, ही काय चोर आहे?"

एनेलेसीने दोरीची गाठ पक्की केली. "तुझा कोंबडा गेला गं. जाताना माझं सगळं अंगण घेऊन गेला. एवढी ही मानउघडी उरली."

मागिरेटाने रिकाम्या अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तेव्हा माझ्या घरच्या कोंबड्या पटापट माना टाकत होत्या. तो एकटाच धडधाकट होता. मला वाटलं, ताईकडे नेला तर हा तरी वाचेल."

दोघी गळ्यात पडून रडल्या. मित्रांनो, मला दोघींचाही राग धरवत नाही. एकीने मायेने आणला, दुसरीने मायेने सोडला. म्हणून हात जोडून सांगते, पिल्लांच्या डोळ्यांत वेळेवर औषध घाला. पाहुण्याला खुशाल घरात घ्या, पण पाहुण्या कोंबड्याला आधी लांब बांधा. दोरीने कुणाचा अपमान होत नाही.

बांधलेल्या कोंबडीला काही झालं नाही. दोरी सुटली, शेजारचा कोंबडा तिच्याभोवती घुटमळू लागला आणि ती अंडी घालू लागली. एनेलेसीने ती चुलीमागे मांडली, मला उचलून वर ठेवलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बस गं बाई, तुझ्यासारखी आई नाही."

खाली अंडी ऊबदार होती, पण मला पोटाखालची ती गार पडलेली जागाच आठवत होती. मी उठले आणि बाहेर निघून गेले.