पूर्वपक्ष उभा असताना

महाबल भट्टाला त्या सभेतून काय काय मिळायचं होतं, ते आधी मांडून घेऊ. धाकट्या विद्यार्थ्यांना शिकवायचा अधिकार, नदीकडची खोली, पंगतीत गुरुजींच्या अगदी शेजारचं पान. शिवाय शिरशीचे एक वैदिक त्याला आपली मुलगी द्यायच्या विचारात होते, तेही निकालाची वाट बघत होते. या सगळ्यासाठी त्यानं फक्त अद्वैताची बाजू मांडायची होती. चातुर्मास संपताना आमच्या मठात ही सभा भरते, आणि ती बाजू आजवर कधी हरलेली नाही.

प्राणेशला नवीन काहीच मिळायचं नव्हतं. होता तिथे राहता आलं तरी पुष्कळ. उडुपीकडच्या माध्व, म्हणजे कट्टर द्वैती घरातला हा पोरगा. गोपीचंदन पुसून, भस्म लावून आमच्याकडे वेदान्त शिकायला आला, तेव्हापासून बापानं घरात त्याचं नाव काढू दिलं नाही. भाष्याचा शेवटचा अध्याय तेवढा राहिला होता. आणि सुब्राय शास्त्री गुरुजींनी, कोण जाणे काय मनात धरून, पूर्वपक्ष नेमका त्यालाच दिला. म्हणजे विरोधकाची बाजू. ती जोरात मांडायची आणि शेवटी पडायचं. यक्षगानातल्या राक्षसानं कितीही गर्जावं, उजाडायच्या आत त्याला मरावंच लागतं.

सकाळी घाटावर महाबल पंचा पिळत म्हणाला, "काय रे माध्वा, तिसऱ्या उत्तराला गप्प हो म्हणजे झालं. ताणलंस तर लोक म्हणतील, रक्त बोललं. मग तुझं गाठोडं बांधायला मीच येईन."

"उत्तर पटलं की गप्प होईन."

"न पटायला काय झालं? गुरुजींचंच उत्तर देणार आहे मी."

दुपारी सभा बसली. निवाड्याच्या पाटावर गुरुजी. त्या पाटाचे नियम कडक. बसणाऱ्यानं शेवटपर्यंत बोलायचं नाही, आणि मध्येच उठला तर जन्मात पुन्हा त्यावर बसायचं नाही. गुरुजींचा निवाडा ऐकायला कांचीपासून पंडित येत.

प्राणेशनं सुरुवात केली. "जग मिथ्या म्हणता. मग वेदही जगातलाच, गुरूही जगातलाच. खोट्यानं खरं ज्ञान कसं होणार?"

"स्वप्नातला वाघ खोटाच," महाबल म्हणाला, "पण त्याच्या भीतीनं येणारी जाग खरी."

माना डोलल्या. प्राणेशनं आणखी दोन प्रश्न टाकले, महाबल पुन्हा वाघावरच आला. तिसरं उत्तर झालं. आता यानं पडायचं. स्वयंपाकघरातून सारूला फोडणी बसल्याचा वास आला.

"वाघानं जाग येते, मान्य," प्राणेश म्हणाला. "पण तू कोण, ते वाघ सांगत नाही. नुसतं जागंच व्हायचं तर वेद कशाला? बारा वर्षं इथे बसायचं कशाला? एक वाघ पाळा की!"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि एकटंच पडलं. महाबलनं तेच उत्तर शब्दन् शब्द पुन्हा म्हटलं, गुरुजींच्या चालीत.

"हे उत्तर अपुरं आहे," प्राणेश म्हणाला.

"गुरुजींचं उत्तर अपुरं?" मागून कोणीतरी ओरडलं. "बोललं, रक्त बोललं!"

"खाल्ल्या घरचे वासे मोजतोय, बाहेर काढा याला!"

दिवे लागले. पूर्वपक्ष उभा असताना पानं मांडायची नाहीत, ही आमच्या मठाची रीत. केळीची पानं धुवून भिंतीला टेकवलेली तशीच राहिली. महाबल खाली मान घालून बसला.

"मान्य म्हण," शेजारचे पंडित प्राणेशला म्हणाले. "एक शब्द. तूही राहशील, आम्हीही जेवू."

प्राणेशनं गुरुजींकडे पाहिलं.

तेव्हा गुरुजी पाटावरून उठले.

"गुरुजी, पाट!" तीन-चार जण एकदम ओरडले. गुरुजी खाली उतरून महाबलच्या शेजारी जमिनीवर बसले. प्राणेशकडे पाहीचनात. छताकडे बघत एकदम म्हणाले, "प्राणेश!"

"जी!"

"एवढी माणसं बसलीत. तूच का दचकलास?"

"माझं नाव घेतलंत म्हणून."

"नाव तुला आज नवीन दिलं का मी?"

"नाही."

"झोपलेल्याला वाघही उठवतो, भांडं पडलं तरी तो उठतो. पण नावानं हाक मारली की उठणारा स्वतःला ओळखतच उठतो. वेद ती हाक आहे. नवीन काही देत नाही. हाक झोपेतली असेना का, ज्याला मारली तो खरा." मग गुरुजी महाबलकडे वळले. "वाघापर्यंतच शिकवलं होतं मी. पुढचं राहिलं होतं."

प्राणेशनं साष्टांग नमस्कार घातला, तो लवकर उठलाच नाही.

पानं मांडली गेली. महाबलच्या बाजूचा जय झाला होता, तेव्हा अधिकार, खोली, सोयरीक सगळं त्याला मिळालं. पहिल्या पानाशेजारचं पानही मिळालं, पण पाटाबरोबर गुरुजींचं पहिलं पानही गेलं होतं, त्यावर आता कांचीचे पाहुणे होते. प्राणेशचा अध्याय दुसऱ्या दिवशी सुरू झाला. पाहुण्यांना सारू गार मिळालं, त्यांनी त्याची तक्रार केली. आणि या सगळ्याची किंमत ज्यांनी मोजली ते सुब्राय शास्त्री पंगतीच्या टोकाला, विद्यार्थ्यांत बसून दुसऱ्यांदा भात मागत होते.