काचेची न्हाणी

बेबीला भिंतींचा भारी राग. बेचाळीस वर्षांची बाई, ऑफिसात सगळे मॅडम म्हणायचे, घरी मात्र अजून बेबीच. तिचं काम काय, तर राजधानीतली आणि राजधानीच्या आसपासची लहान, देखणी, नखरेल हॉटेलं हुडकायची, तिथे राहून बघायचं आणि त्यांतली मोजकी कंपनीच्या पर्यटकांसाठी निवडायची. बुटिक हॉटेलं म्हणतात त्यांना. म्हणजे खोल्या दहा आणि मिजास शंभरांची. बेबीने निवडलं की हॉटेल चाललं, नाक मुरडलं की बसा माश्या मारत.

मागच्या वर्षी तिने असंच एके ठिकाणी नाक मुरडलं होतं. शहराबाहेर, नदीच्या वळणावर, जुन्या छापखान्याच्या इमारतीत एका तरुण जोडप्याने हॉटेल थाटलं होतं. सगळं झकास, पण खोलीत शिरलं की समोर बाथरूमची भिंत! "ही भिंत खोलीचा जीव घेते," बेबी म्हणाली होती. "पाडा ती. काच लावा. उजेड खेळू दे जरा." बिचाऱ्यांनी पाडली. काच लावली तीही अशी आरपार, की माणूस जाऊन आपटावा. पडदा नाही, कडी नाही. आणि मग निरोप धाडला, की मॅडम, आता या.

जायचं तर जोडीनं जायचं, हा कंपनीचा नियम. एकट्या माणसाला काय, सगळंच ऐसपैस वाटतं. खोलीत दुसरं माणूस आलं की खोलीची खरी परीक्षा. एरवी नवरा यायचा. यंदा त्याने हात जोडले. "तुझ्या त्या फॅशनेबल खुर्च्यांनी माझी कंबर कामातून गेली. मला घरची गादी बरी." मैत्रिणीला विचारलं, तिला सवड नव्हती. तेव्हा कुठे बाईसाहेबांना बाबांची आठवण झाली.

आणि इथेच तिने माती खाल्ली. सरळ सांगायचं ना, की बाबा, माझं काम आहे, जोडीला चला! पण नाही. फोनवर गोड आवाज काढून म्हणाली, "बाबा, राजधानी बघायची राहिलीये ना तुमची? चला, या वेळी माझ्याकडून सहल." रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म गेलेला माणूस, लोकांचे बोजे देशभर धाडले, पण स्वतः कुठे गेले नाहीत. आई गेल्यापासून तर घर सोडलंच नव्हतं. त्यांनी नवे बूट घेतले. धाकट्या काकांना मुद्दाम फोन करून सांगितलं, "लेकीने बोलावलंय. सगळं तीच करतेय, मला खिशात हात घालू देत नाही." ते बेबीच्या कानावर आलं. ठरवलं, भेटले की सांगू. भेटले तेव्हा ठरवलं, पोचलो की सांगू. पोचल्यावरही राहूनच गेलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही.

खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, कारण जुन्या लाकडी जिन्याची शोभा जाते. बाबांनी गादीवर हात फिरवला, खिडकीतून नदी बघितली, अगदी हरखून गेले. मग काचेपाशी येऊन थांबले.

"हे काय गं?"

"बाथरूम."

"आणि दार?"

"हल्ली असंच असतं, बाबा. खोली मोठी दिसते."

"दिसते खरी," बाबा म्हणाले आणि पुन्हा नदी बघायला गेले. बेबी तोवर पलंगाचा फोटो काढायला वळलीसुद्धा होती.

पुढचे दोन दिवस तिने कामाचा फडशा पाडला. दिवे बघितले, उशा दाबून बघितल्या, बाथरूमची काच आठ बाजूंनी टिपली. स्वतःची आंघोळ बाबा बाहेर गेले की उरकायची. आणि बाबा तर सारखेच बाहेर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, "जरा पाय मोकळे करून येतो गं." आंघोळीचं विचारलं तर म्हणाले, "सर्दीसारखं वाटतंय, राहू दे." चहा दिला तर अर्धा कप. पाण्याची बाटली भरलेली तशीच. बेबीला वाटलं, बाबा रमलेत. आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं, कारण खोलीत माणूस नसलं की फोटो चांगले येतात. कप्पाळ तिचं!

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून उठताना बाबा खुर्चीसकट खाली कोसळले.

मालक धावला. दोघातिघांनी उचलून त्यांना वर आणलं. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि बेबीवरच घसरल्या. "यांच्या पोटात पाणीच नाही! या वयात असं चालतं का? का हो आजोबा, तहान लागत नाही तुम्हाला?"

"लक्षात नाही राहिलं," बाबा म्हणाले. बेबीकडे बघायचं त्यांनी टाळलं.

डॉक्टर मीठ-साखरेचं पाणी सांगून गेल्या. मालकीण ते घेऊन आली आणि दारातच घुटमळली. "आजोबांना मी किती वेळा म्हटलं, सारखं वर-खाली नका करू, खोलीत आहे की बाथरूम. पण दर वेळी तीन जिने उतरून खाली यायचे, आमच्या कामाच्या माणसांच्या बाथरूमला." मग घाबरून बेबीकडे बघत म्हणाली, "मॅडम, काच नीट बसली नाहीये का? तुम्ही म्हणालात म्हणून आम्ही भिंत..."

बेबीने काचेकडे बघितलं. पलीकडचं कमोड, नळ, साबण, सगळं लख्ख दिसत होतं. आणि अलीकडे तिचा पलंग. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. लेक खोलीत आहे, मग म्हाताऱ्या बापाने तिथे बसायचं कसं? एवढी साधी गोष्ट, आणि हिला हॉटेलं पारखायचा पगार मिळतो!

"तुमचं काही चुकलेलं नाही," ती मालकिणीला म्हणाली. "चूक माझी आहे. हॉटेल मी निवडते आहे, पण ती भिंत परत बांधा. आधी होती तश्शी."

मालकीण गेली. बाबा घोट घोट पाणी पीत होते. बेबी त्यांच्या पायथ्याशी बसली आणि एका दमात बोलून गेली, "बाबा, ही सहल माझ्याकडून नाहीये. हे कंपनीचं काम आहे. मला जोडीला कुणीतरी हवं होतं आणि दुसरं कुणी मिळालं नाही. मी खोटं बोलले."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"अगं, पहिल्याच दिवशी खाली तो मालक म्हणाला ना, परीक्षेला आलात, सांभाळून घ्या." बाबांनी पेला खाली ठेवला. "मी म्हटलं, पोर कामावर आहे. कामाला जोडीने आलेल्याने निदान काम वाढवू नये. पाणीच कमी प्यालं की प्रश्न मिटला."

"आणि काकांना काय सांगितलंत?"

"त्याला काय सांगायचंय? लेकीने बोलावलं, हे खरंच आहे की."

बेबीला रडूच फुटलं. बाबा नुसते तिच्या डोक्यावर थोपटत राहिले.

संध्याकाळी त्यांना तरतरी आली. दोन वेळा दाढीचे खुंट चाचपून झाले, तेव्हा बेबीने ओळखलं. "बाबा, आंघोळ करा. मी बाहेर जाते. अर्धा तास घ्या, तास घ्या, अंग चांगलं शेकून काढा. फक्त खोलीच्या दाराला कडी नका लावू, चक्कर आली तर हाक मारा." त्यांचे कपडे, टॉवेल काढून ठेवले, खोलीचं दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून ती बाहेर उभी राहिली. आत पाणी पडायला लागलं. सकाळपासून पहिल्यांदा तिचा जीव जरा भांड्यात पडला.

शेजारच्या खोलीतल्या बाई जाता जाता थांबल्या. "किल्ली हरवली का?"

"नाही हो. बाबा आंघोळ करतायत."

तेवढ्यात पाणी बंद झालं. त्या बाई जिन्यापर्यंतही पोचल्या नसतील, तोच दार उघडलं. बाबा समोर. ओल्या अंगावर सदरा चढवलेला, गुंड्या वरखाली लागलेल्या, दोन्ही कानांमागे साबणाचा फेस.

"झाली? अहो, साबण तसाच आहे! एवढी कसली घाई होती?"

"तू बाहेर उभी होतीस ना," बाबा म्हणाले.