घंटागाडीची चावी

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि त्यातले निम्मे तिथं ट्रक चालवून आलेले. पेन्शन सुरू झाली तरी हाताची खोड जात नाही. कुणाची गाडी मागं येताना दिसली की हे पारावरून उठतात आणि हात हलवायला लागतात. अशा गावात कचऱ्याची घंटागाडी चालवायला मी, दीपमाला, पुढं झाले. अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय.

पंचायतीनं पंधरा दिवसांची मुदत दिली. जमलं तर काम कायम, नाही तर दुसरा माणूस. मला हे काम हवंच होतं. साताऱ्याला रोज एसटीनं जाऊन गाडी शिकले, लायसन काढलं, ते काही कुणाच्या वशिल्यानं नव्हे.

चौदा दिवस बरे गेले, कारण मी लबाडी करत होते. गाडी पुढं न्यायला मला भ्या नव्हतं, पण मागं घ्यायचं मी टाळायचे. गावात चार गल्ल्या बंद आहेत. तिथं गाडी वळत नाही, उलटीच बाहेर काढावी लागते. मी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावायचे आणि चालत जाऊन बादल्या आणायचे.

पंधराव्या दिवशी पंचायतीचे दादासो मेंबर माझं काम बघायला आले. मग काय, सरपंच राहीबाईंच्या बंद गल्लीत गाडी घातली. बाहेर पडायला रिव्हर्स टाकला आणि पारावरचे सात जण धावत आले. सगळ्यांत पुढं मानसिंग सुभेदार.

"आन दे, आन दे. डावं काप," सुभेदार म्हणाले.

"डावं नगं, उजवं," दुसरा म्हणाला. कुणी शिट्टी वाजवतंय, कुणी पत्र्यावर थाप मारतंय. आरशात मला चौदा हात दिसत होते, गल्ली तेवढी दिसत नव्हती.

राहीबाईंच्या कंपाउंडची भिंत पडली. गेल्याच महिन्यात बांधलेली.

"आमी सांगत हुतो," सुभेदार म्हणाले. माझा असा संताप झाला, की चावी काढून मी खाली उतरले.

राहीबाई बाहेर आल्या. दोन्ही हात पिठाचे. मी चावी पुढं केली. "आवं, घ्या ही. मला न्हाई जमत."

त्यांनी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मला कशाला देतीस? मला कुठं चालवाय येती? तुझ्याजवळच ऱ्हाऊ दे. उद्या सातला हितनंच सुरू कर."

"पर मुदत संपली की," दादासो म्हणाले.

"व्हय, संपली. आता तिचं काम सुरू." मग त्या सातांकडं वळल्या. "इटा बाजूला करा रं. माझी भाकरी करपाय लागलीया." आणि आत गेल्या.

शाबासकी नाही, धीराचं भाषण नाही. मी गाडीत बसले आणि ढसाढसा रडले. पंधरा दिवसांत मला 'उद्या' असं कुणी म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सातला गाडी थेट आत नेली. पारावरची मंडळी हजर होतीच. राहीबाईंनी सुभेदारांच्या एका हातात ओल्या कचऱ्याची बादली दिली, दुसऱ्या हातात सुक्याची. "धरा वाईच. खाली ठेवू नगा, कुत्री सांडत्यात." बाकीच्यांनाही शेजारच्या घरांतल्या बादल्या वाटून टाकल्या. एकाचाही हात मोकळा राहिला नाही.

मी आरशात बघितलं. गल्ली स्वच्छ दिसत होती. हळूहळू, दोनदा थांबत, गाडी उलटी गल्लीच्या तोंडाशी आणली. कुठं घासली नाही.

सुभेदार दोन्ही बादल्या सावरत मागून आले. वाकून गाडीची चाकं बघितली. आता हा बाबा चूक काढणार, म्हणून मी दात आवळून बसले.

"आमच्या गल्लीतबी आत ये की," ते म्हणाले. "चालत कशाला येतीस?"

एवढंच बोलला माणूस. त्या दिवशी मी चारही बंद गल्ल्यांतून गाडी उलटी काढली.