ज्यानं उघडला, त्यानं मिटायचा

शनिवारी दुपारी म्हातारा व्हर्नर नॉर्डेल अग्निशमन दलाच्या हॉलमधला जुना बाजार उरकून घरी आला. काखेत सिगारचं एक जुनं खोकं होतं आणि चेहरा कुणाचं तरी काहीतरी लांबवून आणल्यासारखा. मागोमाग त्याचा मित्र क्लीट बर्कहार्ट बूट न झटकताच स्वयंपाकघरात शिरला.

"क्लीट, बर्फ बाहेर," आर्डिस म्हणाली. ती शेगडीपाशी वाटाण्याचं सूप ढवळत होती.

"बाहेरच आहे की. हे थोडं नमुना म्हणून आणलंय."

"नमुना पुसायचं फडकं दाराशी आहे."

"व्हर्न, तुझी पोरगी लायब्ररीतही लोकांना असंच सोलते का रे?"

"तिथं हळू आवाजात सोलते," व्हर्नर म्हणाला आणि त्यानं टेबलावर वर्तमानपत्र पसरून खोकं पालथं केलं.

किल्ल्या, बाटलीची झाकणं उघडायची हत्यारं, मुठी तुटलेले चाकू, एक शिट्टी. व्हर्नरची बोटं त्यातून कोंबडीनं दाणे टिपावेत तशी फिरू लागली. मोठ्यांच्या चाकूंकडे तो बघतसुद्धा नसे. त्याला हवे असत ते मुलांसाठी केलेले चाकू. लहान मुठीचे, रंगीत कचकड्याचे, कधी मुठीवर घोडेस्वार, कधी अस्वल. हरवू नये म्हणून चड्डीच्या पट्ट्याला साखळीनं अडकवायला टोकाशी एक कडी. कधीकाळी ते लोखंडी सामानाच्या दुकानात गल्ल्याशेजारी पुठ्ठ्यावर टांगलेले असायचे. आता चाकू जमवणाऱ्यांच्या मंडळातली माणसं व्हर्नरला चिडवायची, की ऐंशीचा झाला तरी याचा जीव आठ वर्षांच्या पोराच्या खिशात अडकलाय. व्हर्नर हसायचा. दिवाणखान्यातल्या कपाटाचे सगळे कप्पे त्या चाकूंनी भरले होते. फक्त कचकड्याच्या मुठीचे त्यानं खिडकीत उघड्या डब्यात वेगळे ठेवले होते, कारण जुना कचकडा आतून आंबतो आणि शेजारच्या चाकूंना गंज लावतो.

आर्डिसला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्यानं कधी सांगितली नव्हती. चाकू हातात आला की तो आधी पातं बघत नसे. आधी कडी चाचपायचा, मग मुठीवरचा बिल्ला. चाळीसहून जास्त वर्षं तो एकच चाकू शोधत होता. बाकीचे वाटेत भेटले म्हणून घरी आले होते.

त्याची बोटं थांबली.

लाल-काळ्या पट्ट्यांची मूठ. कडी. मधोमध बोटाच्या नखाएवढा तारा.

क्लीटनं मान पुढे काढून बघितलं आणि तोंडातला विनोद गिळला. "मी निघतो," तो म्हणाला. "सोमवारपासून शिकार. हरणं माझी वाट बघत असतील."

"हसायला," व्हर्नर म्हणाला, पण चाकूवरची नजर त्यानं काढली नाही.

क्लीट गेला. पातं गंजानं आत रुतून बसलं होतं. व्हर्नरनं बिजागरात रॉकेल सोडलं, थांबला, पुन्हा सोडलं. मग नखाच्या खाचेत अंगठा रोवला. पातं हलेना. आर्डिस मदतीला पुढे झाली नाही. ते त्याला आवडलं नसतं. शेवटी पातं कुरकुरत वर आलं आणि खटका वाजला.

"बघ," तो म्हणाला.

पातं अख्खं होतं. टोकासकट.

"चांगला आहे, पपा."

"टोक शाबूत आहे."

"हो. बघितलं."

याहून जास्त त्या घरात बोललं जात नसे. व्हर्नरनं बिजागरात तेलाचा थेंब सोडला आणि चाकू उघडाच वर्तमानपत्रावर ठेवला.

"रात्रभर राहू दे असाच. तेल मुरू दे. सकाळी मिटतो."

"जेवायला टेबल लागेल ना? मी मिटून ठेवू का बाजूला?"

"हात लावू नकोस." तो एकदम म्हणाला, मग आवाज खाली आणून, "ज्यानं उघडला, त्यानं मिटायचा. एवढी पुस्तकं वाचतेस, हे कुठं लिहिलेलं नाही वाटतं?"

"लिहिलंय. खुळचट समजुतींच्या कपाटात."

"मग त्या कपाटाला कुलूप लाव. लोक पळवतील." त्यानं सुपाचा वाडगा ओढला. "मीठ विसरलीस."

"डॉक्टर विसरायला सांगतात."

"डॉक्टरला बोलव जेवायला. त्याला दे हे."

ते टेबलाच्या एका टोकाला जेवले. दुसऱ्या टोकाला चाकू उघडा पडला होता.

नॉर्डेलांच्या घरात मुलगा आठ वर्षांचा झाला की त्याला चाकू मिळे. व्हर्नरला त्याच्या बापानं दिला होता. आपल्या मुलाला, डेलला, व्हर्नरनं दिला, अगदी असाच, लाल-काळा, ताऱ्याचा. आर्डिस डेलहून दोन वर्षांनी मोठी. ती आठ वर्षांची झाली तेव्हा तिला शिवणाचा डबा मिळाला होता, वेताचा, आत साटीनचं अस्तर लावलेला. तिला चाकू हवा होता. तिनं तसं म्हटलं नाही. थँक यू पपा म्हणाली, आणि पुढं कधीच कुणापाशी बोलली नाही. मागितला असता तर कदाचित मिळालाही असता. पण मागून मिळालेला तिला नको होता. मग डेलला चाकू मिळाला, आणि दोन वर्षांनी मार्चमध्ये चामड्याच्या कारखान्यामागच्या तळ्यावरचा बर्फ त्याच्याखाली फुटला. त्यानंतर मागण्यासारखं काही उरलंच नाही. चाकू डेलबरोबर पुरला गेला. व्हर्नरनं स्वतःच्या हातानं त्याच्या खिशात ठेवला.

रविवारी सकाळी कॉफी थंड झाली तरी व्हर्नर उठला नाही, तेव्हा आर्डिस वर गेली. तो कुशीवर झोपला होता, तोंड भिंतीकडे. खांद्याला हात लावताच तिला कळलं. तिनं पांघरूण नीट केलं, खिडकी बंद केली, खाली येऊन फोन केला. फोन ठेवल्यावर ती टेबलापाशी उभी राहिली. तेल मुरलं होतं. वर्तमानपत्रावर त्याचा छोटा, गोल डाग पडला होता, आणि पातं उघडं होतं.

दुपारपर्यंत घर भरलं. चर्चमधल्या बायका हॅम, दुधात भाजलेले बटाटे आणि राय धान्याचा पाव घेऊन आल्या. टेबलावर जागा करायची म्हणून त्या चाकूशी आल्या आणि थबकल्या. एकीनं त्यावर फडकं टाकलं. दुसरीनं ते काढलं. म्हणाली, झाकलेला आणखी वाईट, कुणाचा तरी हात कापेल. शेवटी बटाट्यांची भांडी चाकूच्या भोवतीनं मांडली गेली. मंडळातले म्हातारे टोप्या हातात घेऊन येत, चाकूकडे बघत, "उघडाच राहिला की," म्हणत आणि कॉफीकडे वळत.

पास्टर नवे होते, शहरातून आलेले. आर्डिसशी बोलता बोलता त्यांनी सहज चाकू उचलायला हात पुढं केला. क्लीटनं त्यांचं मनगट धरलं.

"पास्टर, हात मागे."

"अहो, नुसता मिटतोय. लहान मुलं आहेत घरात."

"मुलांना माहीत आहे. मिटायचा नाही, एवढं इथल्या पाळण्यातल्या पोरालाही कळतं."

"क्लीट, त्यांचा हात सोड," आर्डिस म्हणाली. "आपल्याला त्यांची मंगळवारी गरज आहे."

क्लीटनं सोडला. पास्टरांनी मनगट चोळत हसायचा प्रयत्न केला आणि ते हॅमकडे गेले.

माणसं पांगल्यावर क्लीट एकटाच मागे राहिला. खुर्ची ओढून चाकूसमोर बसला. डोळे लाल होते, पण जीभ अजून जागेवर होती.

"ही कॉफी आहे की रस्त्याचं डांबर?"

"तुझ्या सुनेनं केलीय."

"मग चांगली आहे." त्यानं एक घोट घेतला. "आर्डिस, एक सांगायचं होतं. व्हर्न म्हणायचा, ताऱ्याचा चाकू सापडला तर तो माझ्याबरोबर जाऊ दे. पोराबरोबर एक गेला, बापाबरोबर एक. बाकीचे मंडळानं विकावेत. असं म्हणायचा तो."

आर्डिस भांडी पुसत होती. पुसतच राहिली.

"मला कधी म्हणाला नाही."

"तुला कसं म्हणेल? तुझ्यासमोर त्यानं त्या पोराचं नाव तरी घेतलं का कधी?"

"आणि माझं? माझ्यासाठी काही म्हणाला?"

क्लीट गोंधळला. "घर तुझंच आहे की. बँकेतलंही."

"चाकूंपैकी विचारतेय."

"चाकू?" तो खरोखरच बुचकळ्यात पडला. "मुलांचे चाकू तुला कशाला लागतील, आर्डिस?"

तिनं बशी ठेवली. या प्रश्नाला तिच्यापाशी साधं उत्तर होतं, पण ते क्लीटला द्यायचं नव्हतं.

"उघडा चाकू शवपेटीत ठेवू देणार नाहीत," ती म्हणाली.

"नाहीच देणार. पण मी मिटणार नाही. माझ्याकडे बघू नकोस."

"पपानं एकदा मिटला होता. दुसऱ्यानं उघडलेला. तू होतास तिथं."

क्लीटनं कप खाली ठेवला.

"तू काठावर होतीस," तो म्हणाला. "तुला दिसलं असेल असं वाटलं नव्हतं मला."

तिला दिसलं होतं. बर्फावर आडवी टाकलेली शिडी, पोटावर सरपटत गेलेले दोघं, आणि ओढून काढलेला डेल. त्याच्या उजव्या मुठीत चाकू होता, उघडा, टोक तुटलेला. पाण्यातून वर यायला तो बर्फाच्या कडेत पातं रोवत होता. बर्फावर पांढरे ओरखडे होते, एकाशेजारी एक, कुणी हिशेब ठेवावा तसे. व्हर्नरनं एकेक बोट सोडवून चाकू काढून घेतला होता.

"त्यानं तो लगेच मिटला नाही," क्लीट म्हणाला. "पोराजवळ बसला. त्याच्याशी बोलत होता. खूप बोलला. व्हर्न एवढं बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मग मिटला."

"काय बोलला?"

"मी दुसरीकडे बघत होतो, पोरी. ऐकायचं नव्हतं ते." तो उठला, टोपी घातली. दाराशी थांबला. "मला वाटतं, तो परवानगी मागत होता. माझी आजी म्हणायची, मिटायचाच झाला तर ज्याचा आहे त्याच्याशी बोलून मिटावा. मनात राहिलेलं काही असेल ते बोलून. नाहीतर ते पात्याबरोबर आत मिटलं जातं."

"हेही त्याच कपाटातलं."

"असेल. पण तू अजून मिटला नाहीस, एवढं मला दिसतंय."

मंगळवारी सकाळी, लोक यायच्या आधी, आर्डिस व्हर्नरला ठेवलं होतं त्या अंत्यविधीच्या घरी गेली. चाकू जेवणाच्या फडक्यात गुंडाळून तिनं कोटाच्या आत छातीशी धरला होता. गाडी चालवताना पात्याचं टोक तिला सदऱ्यातून लागत होतं. ते घर चालवणाऱ्या होल्मग्रेननं फडकं उलगडून बघितलं आणि मान हलवली.

"उघडा नाही ठेवता येणार, मिस नॉर्डेल. झाकण लावताना माझ्या माणसांचे हात असतात."

"मिटलेला चालेल?"

"मिटलेला चालेल. क्लीटचा फोन आला होता काल. डाव्या खिशात म्हणाला." तो चुळबुळला. त्याच्याही वाडवडिलांचं हेच गाव होतं. "मी बाहेर थांबतो. तुम्ही तुमचं करा."

व्हर्नर निळ्या सुटात होता. केस उलट्या बाजूला विंचरले होते. तिनं बोटांनी सरळ केले. शनिवारी त्याच्या अंगठ्याच्या नखात गेलेला गंज कुणीतरी घासून काढला होता, अगदी स्वच्छ, आणि त्या स्वच्छ नखाकडे तिला बघवेना. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. एक खुर्ची ओढून ती बसली.

आयुष्यभर पुस्तकं वाचून माणसानं मेलेल्याशी काय बोलावं याचे पुष्कळ नमुने तिच्यापाशी होते. सुंदर वाक्यं होती. त्यातलं एकही तिच्या कामाचं नव्हतं. तिनं चाकू उजव्या हातात धरला. मूठ लहान होती. तिची करंगळी बाहेर राहिली. आठ वर्षांच्या हाताला नेमका बसला असता.

"पपा," ती म्हणाली. आवाज लायब्ररीतला निघाला. तिनं घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाली, "क्लीट सांगतो, हा तुझ्याबरोबर द्यायचा. मी देणार नाही."

दारापलीकडे होल्मग्रेनच्या बुटांचा आवाज थांबला. तिनं पर्वा केली नाही.

"तू डेलला विचारून मिटलास. मी तुला विचारत नाहीये. सांगतेय."

तिनं पात्याच्या पाठीवर अंगठा टेकवला आणि दाबलं. पातं अर्ध्यावर अडखळलं, मग तेलातून मऊपणे खाली गेलं. खटका छोटा होता. त्या खोलीत खूप मोठा वाजला. चाकू तिच्या मुठीत मिटला आणि तिनं मूठ उघडली नाही.

"मला हवा होता, पपा. डेलला मिळाला म्हणून नाही, त्याच्या आधीपासून. तू शिवणाचा डबा दिलास त्या दिवशी सगळे केक खायला गेले, आणि मी दोऱ्यांची रिळं एकेक करून बाहेर काढली, अस्तर उसवलं, तळापर्यंत हात घालून बघितलं. मला वाटलं, खाली लपवला असशील."